न जुळणारं खोडू नकोस

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र आणि सोबतचे रिपोर्टांचे फोटो दोनदा वाचले. अडीच पानं लिहून शेवटी तू विचारतेस, "सर, माझंच काही चुकतंय का?" ते नंतर बघू. आधी तुझंच एक वाक्य तुला परत दाखवतो: "पुवाच्या कल्चरमध्ये स्यूडोमोनास आला, पण लॅबने कंटॅमिनंट असावा असं लिहिलंय, म्हणून सोडून दिलं."

पुवात उगवलेला जंतू बाहेरून मिसळलेला असेल असं समजून का सोडून दिलंस, बाय?

बावन्न वर्षांचा शेतकरी. आठ वर्षांचा मधुमेह, साखर कधीच ताब्यात नाही. लावणीत दिवसदिवस अनवाणी चिखलात उभा. लावणी उरकल्यावर दोन आठवड्यांनी ताप. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग, थुंकीची टीबीसाठीची ट्रूनॅट चाचणी दोनदा निगेटिव्ह, तरी टीबी धरून चार औषधांच्या गोळ्या सुरू. पाच आठवडे झाले, ताप हटत नाही. सोनोग्राफीत प्लीहेत बारीक बारीक गळवं, मांडीवर आणखी एक. त्या मांडीच्या गळवातला पू काढून तू कल्चरला पाठवलास, हे फार चांगलं केलंस. एवढं करून जे उत्तर आलं ते मात्र बाजूला ठेवलंस, कारण ते तुझ्या निदानात बसत नव्हतं.

जे बसत नाही ते खोडायचं नाही. आज मला तुला एवढंच सांगायचं आहे आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

तो रिपोर्ट समोर घे आणि खालचा अँटिबायोटिकचा तक्ता वाच. जेंटामायसिन, अमिकासिन, कोलिस्टिन, तिन्हीपुढे आर, म्हणजे चालत नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटपुढे एस, म्हणजे चालतं. आता सेकंड इयरची मायक्रोबायॉलॉजी आठव. नेहमीचा स्यूडोमोनास अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटला मुळातच दाद देत नाही आणि कोलिस्टिनला सहसा मरतो. इथे नेमकं उलटं आहे. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्राम-निगेटिव्ह जंतू, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन चालत नाही, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट चालतं, आणि पेशंट पावसात चिखलात राबणारा मधुमेही. हे मेलिऑइडोसिस आहे असं धरून चाल, नाही असं सिद्ध होईपर्यंत. जंतू बर्खोल्डेरिया स्यूडोमलाय. माती-पाण्यात राहतो, पायाच्या भेगांतून, जखमेतून, कधी श्वासातून शिरतो. मंगळूर-उडुपीपासून वर गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर त्याचे पेशंट सापडले आहेत. आपली माती आणि आपला पाऊस त्यांच्याहून निराळा नाही.

हा रोग टीबीचं सोंग इतकं हुबेहूब घेतो की फसणं सोपं आहे. फुप्फुसाच्या वरच्या भागातला डाग, महिनोन् महिने रेंगाळणारा ताप, गळणारं वजन, सगळं तेच. कधी प्लीहेत किंवा यकृतात गळवं, कधी गुडघ्यात पू, पुरुषांमध्ये प्रोस्टेटमध्ये गळू, लहान मुलात कानाखालची लाळग्रंथी सुजलेली. संसर्गापासून लक्षणांपर्यंत साधारण एक दिवस ते तीन आठवडे जातात, पण हा जंतू शरीरात वर्षानुवर्षं दबूनही राहू शकतो. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी रंगूनमध्ये 1912 च्या सुमारास त्याचं वर्णन केलं. म्हणजे हा काही काल जन्मलेला रोग नव्हे. आपल्याकडे तो दिसत नाही कारण तो आपण आपल्याच हाताने खोडतो, "कंटॅमिनंट" एवढा एक शब्द लिहून.

खोडायला असे शब्द पुष्कळ आहेत. "पेशंट गोळ्या नीट घेत नसेल" हा सगळ्यात सोयीचा, आणि तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर तो आहे. बायकांसाठी "टेन्शन आहे". म्हाताऱ्यांसाठी "वयामुळे". हे शब्द मीही वापरले आहेत आणि त्यांची किंमत पेशंटांनी मोजली. म्हणून आज मला कोणी हट्टी म्हणालं, एका रिपोर्टासाठी लॅबला चार वेळा फोन करतो म्हणून वैतागलं, तरी मी बदलणार नाही. चौथ्या फोनला जंतू वाढवलेली प्लेट पुन्हा पाहिली जाते. मला तेवढंच हवं असतं.

करायचं काय ते सांगतो. केसपेपरची मागची बाजू कोरी असते. तिथे मधोमध उभी रेघ मार. डावीकडे तुझ्या निदानाशी जुळणारं, उजवीकडे न जुळणारं, प्रत्येकापुढे तारीख. उजव्या बाजूच्या प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचार: मोजण्यात किंवा नमुना घेण्यात चूक झाली का? सोबत दुसरा आजार आहे का? की निदानच चुकलं? या तिन्हींपैकी एकाचं उत्तर पुराव्यानिशी मिळेपर्यंत ती ओळ जागची हलवायची नाही. दर तिसऱ्या दिवशी कागद उलटून बघ. आणि कृपा करून मोबाईलवर दुर्मिळ रोगांच्या याद्या काढत बसू नकोस. उजव्या रकान्यातल्या बहुतेक ओळींचं उत्तर साध्या रोगातच निघतं. पण ते निघायला ओळ कागदावर असावी लागते.

आपल्याकडचं आणखी एक उदाहरण घे, कारण ते तुझ्या पीएचसीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, नक्की येणार. पहाटे चार-पाचला तरुण माणूस पोट धरून येतो. उलट्या, घशात दुखतंय, पोट मात्र हाताला मऊ. रात्री पडवीत जमिनीवर चटई टाकून झोपला होता. अंगावर कुठे सूज नाही, दाताची खूण नाही. पोटदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलंस तर गेला. मण्यार सापाचा दंश असाच असतो: झोपेत चावते, फारसं दुखत नाही, खूण सापडेलच असं नाही. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नॉर्मल येते, कारण हे विष मज्जातंतूंवर काम करतं. तेव्हा त्या नॉर्मलवर विसंबू नकोस. पेशंटला वर छताकडे मिनिटभर एकटक बघायला सांग. पापण्या हळूहळू उतरतात का? डोळे उघडे ठेवायला तो कपाळाला आठ्या घालतो का? एका श्वासात किती अंक मोजतो ते दर पंधरा मिनिटांनी लिही. काल पंचवीस मोजणारा आज बारावर अडला, हे वाट बघण्यासारखं नव्हे, आणि इथे काल-आज म्हणजे अर्ध्या तासाचा फरक असतो. पापणी उतरली की सर्पविषप्रतिबंधकाच्या दहा बाटल्या, श्वास द्यायची अंबू बॅग हाताशी, ॲम्ब्युलन्स दारात. पुढे पेशंट पूर्ण लुळा पडला, बुबुळं मोठी होऊन प्रकाशाला हलेनाशी झाली, तरी मेंदू मेला असं समजून हात काढायचा नाही. त्याला सगळं ऐकू येत असतं. श्वास देत राहिलं तर माणूस परत येतो.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडचा माकडताप, म्हणजे गोचिडीतून होणारा क्यासनूर जंगल ताप, थोडक्यात. 2016 पासून तो त्या भागात आहे. ताप, अंगदुखी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी म्हटलं की सगळे डेंग्यू लिहून मोकळे. पण पेशंट फेब्रुवारी-मार्चमध्ये काजूच्या बागेतून आला असेल, तर डेंग्यूच्या हंगामाबाहेरचा हा महिना हीच उजव्या रकान्यातली ओळ. गोचीड चावल्याचं विचार, जवळपास माकडं मेली का ते विचार, आणि आठवडाभर बरा वाटून ताप पुन्हा उलटला तर नवा ताप म्हणून नवा केसपेपर काढू नकोस.

आता तुझ्या पेशंटकडे. लॅबला सांग की संशय मेलिऑइडोसिसचा आहे. हे आधी सांगणं त्यांच्या सुरक्षेसाठीही गरजेचं, प्लेट उघड्यावर हाताळायची नाही, हुंगायची तर अजिबात नाही. ग्राम स्टेन पुन्हा बघायला सांग: दोन्ही टोकांना रंग, मधे फिकट, सेफ्टी पिनसारखा. प्लेट दोन दिवसांत फेकायची नाही. सुरुवातीला वसाहती गुळगुळीत दिसतात, तीन-चार दिवसांनी कोरड्या, सुरकुतलेल्या होतात, तोवर लॅबवाले ती टाकून मोकळे झालेले असतात. ऑटोमॅटिक मशीन कधी कधी याला जवळचंच दुसरं नाव देतं, म्हणून मशीनच्या नावावर थांबू नका. खात्रीसाठी जंतू मणिपालला पाठवता येतो, तिथे यावर बरंच काम झालं आहे. रक्ताच्या कल्चरचे दोन संच, लघवी, थुंकी, घशाचा स्वॅब, हे सगळं पुढच्या अँटिबायोटिकआधी घे. रक्ताच्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवू नकोस.

उपचार पीएचसीत करू नकोस, गोव्याच्या बांबोळीतल्या मेडिकल कॉलेजला पाठव आणि पत्रात तुझा संशय पहिल्या ओळीत लिही, शेवटच्या नव्हे. सेफ्ट्रिॲक्सोन देऊन पाठवायची सवय आहे, ती इथे मोड. या जंतूवर ते कमी पडतं. सेफ्टाझिडिम 2 ग्रॅम दर सहा ते आठ तासांनी किंवा मेरोपेनेम 1 ग्रॅम दर आठ तासांनी, शिरेतून, किडनीप्रमाणे मात्रा बदलून. निदान चौदा दिवस, प्लीहेत गळवं आहेत म्हणून बहुधा चार आठवडे. नंतर कोट्रायमोक्सॅझोल कमीत कमी तीन महिने, वजनाप्रमाणे. त्यात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघत राहायचं, अंगावर पुरळ येतं का बघायचं. तो बरा वाटला म्हणून गोळ्या सोडील आणि रोग उलटेल, हे त्याच्या बायकोला नीट बसवून सांग. टीबीच्या गोळ्यांचं काय करायचं ते तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठरव, एकटीने बंद करू नकोस.

योग्य औषध सुरू झालं तरी ताप आठ-नऊ दिवस राहू शकतो. पाचव्या दिवशी घाबरून औषध बदलायचा फोन मला करू नकोस.

तुझंच काही चुकतंय का, विचारलंस. हो, चुकलं. पण पू तू काढलास, पाठवलास, आणि खोडलेलं वाक्य मला लिहूनही कळवलंस.

गणपतीची सुट्टी लागायच्या आधी लॅबमध्ये जुन्या प्लेटा काढून टाकतात. सकाळी आठला तिथे फोन कर, आणि प्लेट अजून आहे की नाही तेवढं मला उद्याच कळव.

तुझा,
सर