उजनीकाठच्या आजोळी परत जाताय? मग हे वाचा

पहिल्यांदाच एवढ्या वर्षांनी चाललायस तर एक सांगतो, आधी ठरव तुला बघायचंय काय. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत भिगवण, कुंभारगाव साईडला जा, सकाळी लवकर, नंतर उन्हाने डोळे दिपतात आणि शनिवार-रविवारी तर गर्दी नुसती. पण जुनं गाव बघायचं असेल तर मे महिनाच, तोही उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायचं पाणी संपून त्याच्याही खाली गेलं असेल तरच. १९८० ला धरण झालं तेव्हा पळसदेवचं जुनं गाव पाण्यात गेलं, तिथलं पळसनाथाचं देऊळ पाणी फारच आटलं की उघडं पडतं, आधी शिखर दिसतं मग हळूहळू खालचं कोरीव काम, त्यावर गाळ आणि शिंपल्या चिकटलेल्या असतात. तिकडे चालत जायचा शहाणपणा करू नकोस हां, वरून भेगाळलेला कोरडा गाळ दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. होडीवाल्या काकांनाच विचार, भाडं आधी ठरव. आणि आजोबांच्या वयाचं कुणीतरी सोबत घे, कुठल्या जोत्यावर कुणाचा वाडा होता हे गुगल मॅप सांगणार नाही. जेवायला चिलापी मासा फ्राय, बाकी हॉटेलं सगळी सारखीच.