पश्चिमेची भिंत, काळे ओघळ आणि बाहेरच्या रंगाचे नियोजन

नमस्कार. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळचा पंधरा वर्षांपूर्वीचा दुमजली बंगला, पश्चिमेच्या भिंतीवर काळे ओघळ, गच्चीच्या कठड्याखाली सुटलेले पोपडे आणि ‘मे महिन्यात एक हात प्रायमर व दोन हात रंग मारून मोकळे करतो’ असे सांगणारा ठेकेदार, अशी माहिती देऊन आपण विचारले आहे की काम पावसाळ्यापूर्वी उरकावे की दिवाळीनंतर, आणि रंग कोणत्या दर्जाचा घ्यावा. या दोन्हींच्या आधी भिंतीत पाणी कोठून शिरते हे शोधावे लागेल. ते न शोधता दिलेला रंग, मग तो कितीही महागाचा असो, एक-दोन पावसाळ्यांत पुन्हा फुगून येतो.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे नाशिकला पावसाचा मारा मुख्यतः पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंतींवर बसतो, त्यामुळे आपल्या तक्रारी त्याच बाजूला असणे स्वाभाविक आहे. मात्र ओघळ आणि पोपडे ही दोन वेगळ्या दुखण्यांची लक्षणे आहेत. ओघळ कोठून सुरू होतात ते खाली उभे राहून नीट पाहावे. बहुतेक वेळा ते छज्ज्याच्या किंवा खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून निघतात. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेपासून थोडे आत, लांबीभर एक खाच ठेवलेली असते. वरून आलेले पाणी त्या खाचेशी तुटून थेंब खाली पडावा, एवढेच तिचे काम. दर वेळी लांबीचे (पुट्टीचे) आणि रंगाचे थर चढत गेले की ती खाच बुजते, पाणी छज्ज्याच्या पोटावरून सरकत भिंतीपर्यंत येते आणि तिथे शेवाळ धरते. गवंड्याकडून ती खाच मोकळी करून घेणे, आणि मुळात नसेलच तर कडेला सिमेंटची बारीक उभी पट्टी काढून घेणे, हे थोडक्यात होणारे काम आहे. पण रंगाच्या कोटेशनमध्ये ते सहसा कोणी लिहीत नाही.

कठड्याखालचे पोपडे बहुधा वरून आलेल्या ओलीचे असतात. कठड्याच्या माथ्याला भेगा आहेत का, गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यातली गोलाई (कोपरा भरून दिलेला सिमेंटचा गोल उतार) सुटली आहे का, पावसाच्या पाण्याच्या पाइपाचे तोंड भिंतीशी नीट बसले आहे का, हे तपासावे. पोपडा काढल्यावर आत पांढरी भुकटी दिसली, तर तो गिलाव्यातून ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार असतो. तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा आणि ओल थांबल्याशिवाय त्यावर काहीही लावू नये. भिंत वाळली की नाही याबद्दल शंका असेल, तर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून दिवसभर ठेवावा; आतून दव धरले, तर अजून थांबावे.

आता हंगामाविषयी. मे महिन्यात भिंत सर्वांत कोरडी असते हे ठेकेदाराचे म्हणणे खरे आहे. परंतु दुपारी तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि नीट धरत नाही, शिवाय वळवाची एखादी सर ताज्या कामावर येऊ शकते. दसरा-दिवाळीपूर्वी घर रंगवण्याची आपल्याकडे रीत असली, तरी पाऊस ऑक्टोबरमध्ये कसाबसा ओसरतो आणि त्या वेळी चांगले रंगारी हाताशी लागणे कठीण असते. म्हणून माझा सल्ला असा, की गच्ची आणि कठड्याची दुरुस्ती या मे महिन्यात करून घ्यावी, पावसाळाभर ती टिकते का ते पाहावे, आणि रंगाचे काम दिवाळीनंतर भिंती वाळल्यावर सुरू करावे. डिसेंबर-जानेवारीत येथील पहाटेचे तापमान अनेकदा 10 अंशांखाली जाते आणि इमल्शनचा, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगाचा, थर इतक्या थंडीत नीट जमत नाही, त्यामुळे त्या दिवसांत भिंतीवरचे दव उडाल्यावर हात लावावा आणि उन्हे कलण्यापूर्वी थांबावे. पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर, असा क्रम ठेवला म्हणजे तापलेल्या भिंतीवर काम करावे लागत नाही.

पूर्वतयारीत शेवाळ आधी मारावे आणि मग धुवावे. नुसते घासल्याने ते मुळासकट जात नाही. सुटा रंग पत्रीने खरवडून, भिंत धुऊन दोन-तीन दिवस वाळू द्यावी. केसासारख्या भेगांवर बाहेरच्या कामासाठी मिळणारे लवचीक भरण चालते, मोठ्या भेगा मात्र छिन्नीने खोलून भराव्या लागतात. आतल्या भिंतींसाठीची ॲक्रिलिक पुट्टी बाहेर अजिबात वापरू देऊ नये. नवा गिलावा केलेल्या जागी किमान 28 दिवस थांबावे.

रंगाचा हिशेब घरबसल्या होतो. घराचा परीघ 140 फूट आणि कठड्यासह उंची 25 फूट धरली, तर 3500 चौरस फूट होतात. दारे-खिडक्या वजा केल्या तरी छज्जे आणि कठड्याची आतली बाजू ती वजाबाकी बरीचशी भरून काढतात. चांगले बाह्य इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण 50 ते 60 चौरस फूट जाते. म्हणजे 60 ते 70 लिटर, अर्थात 20 लिटरच्या चार बादल्या पुरतात. सगळा माल एकाच वेळी मिसळून घ्यावा, कारण वेगवेगळ्या वेळी मशीनवर काढलेल्या छटेत किंचित फरक येऊ शकतो. दर्जा वरचाच घ्यावा, कारण मजुरी आणि परांचीचा खर्च हलक्या रंगालाही तेवढाच लागतो. छटा निवडताना गडद लाल-जांभळे टाळून विटकरी, बदामी, मातकट अशा छटा घेतल्यास पश्चिमेच्या उन्हात त्या अधिक टिकतात.

ठेकेदाराशी बोलताना खरवडणे, धुणे, भेगा भरणे, प्रायमर आणि रंग यांचे दर वेगळे लिहून घ्यावेत. हप्तेही त्याच टप्प्यांना बांधावेत, आणि खरवडलेली भिंत पाहिल्याशिवाय प्रायमरचा हप्ता देऊ नये. बादल्या आपल्यासमोर उघडल्या जाव्यात आणि पाणी डब्यावर छापलेल्या प्रमाणातच पडावे. विजेची सर्व्हिस वायर पश्चिमेच्या भिंतीवरून येत असेल, तर परांची बांधण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात सांगून ठेवावे. काम संपल्यावर उरलेला लिटर-दोन लिटर रंग झाकण घट्ट लावून सावलीत ठेवावा आणि छटेचा क्रमांक त्याच डब्यावर लिहावा.