ब्लोअर जाम, वॉरंटी नामंजूर: लीजचे हप्ते थांबवू का?

प्रश्न: न्यू जर्सीत माझा कार्पेट क्लीनिंगचा छोटा व्यवसाय आहे. व्हॅनमध्ये बसवलेलं ट्रकमाउंट मशीन लीजवर घेतलं. चौदाव्या महिन्यात त्याचा ब्लोअर, म्हणजे कार्पेटमधलं मळकं पाणी ओढून घेणारा हवेचा पंप, जाम झाला. वॉरंटी दोन वर्षांची आहे, पण डीलर म्हणतो, "आत पाणी गेलंय, देखभाल केलेली नाही, वॉरंटी मिळणार नाही." ब्लोअर काढून कारखान्यात पाठवा, असंही तो सांगतोय. देखभालीची नोंदवही मी ठेवलेली नाही. मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याचा आधार घे, असं एकाने सुचवलंय. काम बंद पडलंय. लीज कंपनीचे हप्ते थांबवले तर चालतील का?

उत्तर: नाही, हप्ते थांबवू नका. आणि ब्लोअर अजून कुणाच्या हाती देऊ नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून ही फायनान्स लीज दिसते: मशीन तुम्ही पसंत केलं, पुरवलं डीलरने, पैसे घातले तिसऱ्याच कंपनीने. न्यू जर्सीने स्वीकारलेल्या युनिफॉर्म कमर्शियल कोडचं, म्हणजे व्यापारी व्यवहारांच्या कायद्याचं, कलम २ए-४०७ इथे फार कडक आहे. व्यवसायासाठी घेतलेलं मशीन एकदा स्वीकारलं की ते चालो वा बंद पडो, हप्ता द्यावाच लागतो. तो चुकवलात तर लीज कंपनी मशीन उचलून नेऊ शकते, आणि तुमचा पुरावाही त्याबरोबरच जाईल. तुमच्या बाजूने आहे ते कलम २ए-२०९. पुरवठादाराने, म्हणजे इथे डीलरने, लीज कंपनीला दिलेली वॉरंटी या कलमामुळे तुमच्यापर्यंत येते, म्हणजे भांडण थेट पुरवठादाराशी करता येतं.

१९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याचा आधार घ्या, असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. तो कायदा घरगुती वापराच्या वस्तूंसाठी आहे. ट्रकमाउंट त्यात बसत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

आता मुख्य मुद्दा. मशीन तुम्ही स्वीकारलेलं असल्यामुळे दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे, आणि तो पुरावा त्या बंद ब्लोअरच्या पोटात आहे. त्यात दोन रोटर, म्हणजे फिरणारे भाग, एकमेकांना न शिवता, अगदी बारीक फट ठेवून फिरतात. ती फट गिअर राखतात. पाणी गेलं असेल तर गंज दिसेल. वेस्ट टँकमधला (मळक्या पाण्याच्या टाकीतला) फिल्टर तुंबल्यामुळे किंवा जादा ताण सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह चुकीचा लावल्यामुळे ब्लोअर तापला असेल, तर रोटर घासल्याच्या खुणा मिळतील. रोटर स्वच्छ आणि गिअरचे दात मात्र तुटलेले असतील, तर संशय जुळणीवर जातो. हे सगळं ज्याने आधी उघडलं त्याच्या शब्दावर सोडायचं का? म्हणून डीलरला लेखी कळवा की ब्लोअर त्रयस्थ मेकॅनिकसमोर, दोन्ही बाजू हजर असताना आणि व्हिडिओ काढतच उघडला जाईल. मशीनची मालकी लीज कंपनीची आहे, तेव्हा तिची परवानगीही घ्या. उघडण्याआधी ब्लोअरमधल्या तेलाचा नमुना बाटलीत काढून ठेवा. तेल दुधाळ असेल तर पाणी तिथवर पोहोचलंय.

समजा, पाणी सापडलं. तिथेच हरलात असं मानू नका. टँक भरल्यावर मशीन बंद करणारा फ्लोट स्विच त्याच मशीनचा भाग आहे. तो मुळातच सदोष असेल, तर पाणी शिरणं हाही वॉरंटीतलाच दोष ठरू शकतो. पण कार्पेटमधल्या जुन्या शाम्पूचा फेस झाला, त्याने फ्लोट उचललाच नाही आणि फेस मोडणारा डिफोमर घातलेला नव्हता, तर तुमची बाजू लंगडी आहे, हे स्पष्टच सांगते. स्विचची वायर कुणी काढून ठेवली असेल, तर त्याहून वाईट. तुमच्याकडच्या माणसांना आजच विचारा आणि मला खरं तेच कळवा.

देखभालीची नोंदवही नाही म्हणता. मग तेल, डिफोमर, फिल्टर यांच्या पावत्या, बँकेचे व्यवहार, कामगारांचे मेसेज, जे असेल ते जमवा. तारखा मागाहून लिहून वही तयार करू नका. असा कागद कोर्टात उघडा पडला की खऱ्या पावत्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

याच आठवड्यात डीलर, उत्पादक आणि लीज कंपनी या तिघांनाही नोंदणीकृत पत्राने दोष कळवा. कलम २ए-५१६ प्रमाणे वाजवी वेळेत ज्याला कळवलं नाही, त्याच्याविरुद्धचा उपाय हातचा जातो. फोनवर बोललात, त्यावर विसंबू नका.

दावा ५,००० डॉलरपर्यंतचा असेल तर न्यू जर्सीच्या कोर्टाच्या स्मॉल क्लेम्स (छोटे दावे) विभागात चालतो, २०,००० पर्यंतचा स्पेशल सिव्हिल पार्ट या विभागात. त्याआधी करारात लवादाचं किंवा दुसऱ्या राज्यातल्या कोर्टाचं कलम आहे का ते पाहा. बुडालेल्या कामाची भरपाईही बहुधा करारातच नाकारलेली असते. तुमचं वॉरंटीपत्र वाचल्याशिवाय त्यावर मी आशा दाखवणार नाही.

तोवर भाड्याच्या मशीनवर काम चालवणार असाल, तर रोजचा शिरस्ता आत्तापासूनच पाळा: नळ्यांतलं पाणी ओढून घ्यायचं, टँक रिकामा करायचा, ब्लोअर काही मिनिटं कोरडा चालवायचा आणि चालू असतानाच मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी तेलाचा फवारा मारायचा. मग फिल्टर धुवायचा, तेलाची पातळी बघायची. प्रत्येक वेळी फोनवर फोटो काढा, त्यावर तारीख आपोआप पडते. पत्राचा मसुदा मला पाठवा, पाहून देते.