करोनाच्या साथीने ब्रिटिश रंगभूमी खरोखर किती बदलली?

करोनाच्या साथीने ब्रिटनमधील नाट्यव्यवसाय कायमचा बदलला, की नाट्यगृहे पुन्हा उघडल्यावर सारे पूर्वीसारखेच सुरू झाले, असा आपला प्रश्न आहे. आज वेस्ट एंडमधील, म्हणजे लंडनच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागातील, गर्दी पाहणाऱ्याला दुसरा पर्याय खरा वाटेल. माझे मत वेगळे आहे. नाट्यगृहांच्या इमारती बहुतांशी वाचल्या आणि प्रेक्षकही परतले. पण नाटक उभे करण्यातली जोखीम कोणी सोसायची याची वाटणी बदलली, आणि त्या वाटणीत नाटक करणाऱ्या माणसांच्या पदरी अधिक भार आला. माझ्या दृष्टीने खरा बदल तोच आहे.

16 मार्च 2020 या सोमवारी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी लोकांनी पब आणि नाट्यगृहांत जाणे टाळावे, असे आवाहन केले. नाट्यगृहे बंद करण्याचा सरकारी आदेश त्या दिवशी निघाला नव्हता, तो चार दिवसांनी आला. तरीही नाट्यगृहचालकांच्या संघटनांनी त्याच रात्रीपासून प्रयोग थांबवले. आवाहन आणि आदेश यांच्यातला हा फरक व्यवसायाला फार बोचला, कारण सरकारने सक्तीने बंद केले नसेल तर विम्याचा दावा कशाच्या आधारावर करायचा, हा प्रश्न लगेच उभा राहिला. पुढे कळले की बहुतेकांच्या विम्यात अशा साथीचा समावेशच नव्हता. 1952 पासून लंडनमध्ये अखंड चाललेले ‘द माउसट्रॅप’ हे नाटक त्या दिवशी थांबले आणि थेट 17 मे 2021 रोजी पुन्हा सुरू झाले. एडिंबराचा फ्रिंज महोत्सव 1947 पासून दरवर्षी भरत आला होता. 2020 मध्ये तो प्रथमच रद्द झाला.

हा आघात सर्वांवर सारखा झाला नाही आणि त्याचे कारण तेथील अर्थरचनेत आहे. नॅशनल थिएटर किंवा रॉयल शेक्सपिअर कंपनी यांना नियमित सरकारी अनुदान मिळते, तर ओल्ड व्हिक आणि शेक्सपिअर्स ग्लोब यांसारख्या नामांकित संस्था नियमित अनुदानाशिवाय, मुख्यतः तिकीटविक्रीवर चालतात. साथीच्या आधीच्या दहा वर्षांत सरकारी काटकसरीमुळे अनुदानित संस्थांनाही स्वतःचे उत्पन्न वाढवण्याचा आग्रह सतत केला जात होता. उपाहारगृह काढा, सभागृह भाड्याने द्या, यशस्वी नाटक वेस्ट एंडला न्या, असा तो सल्ला असे. ज्यांनी तो मनापासून पाळला, त्यांचेच उत्पन्न मार्च 2020 मध्ये एका रात्रीत सर्वाधिक आटले. शहाणपणाने वागल्याची ही शिक्षा होती, आणि मला ती आजही अन्यायाची वाटते. साउदॅम्प्टनची नफील्ड ही नाट्यसंस्था मे महिन्यात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि जुलैपर्यंत कायमची बंद झाली. शेक्सपिअर्स ग्लोबनेही मदतीविना आपण टिकू शकणार नाही, असे संसदेच्या समितीला कळवले होते.

5 जुलै 2020 रोजी सरकारने संस्कृती क्षेत्रासाठी 157 कोटी पौंडांची मदत जाहीर केली. तिच्यात संग्रहालये, संगीताच्या जागा, वारसास्थळे आणि स्वतंत्र चित्रपटगृहे यांचाही वाटा होता. अनेक नाट्यगृहे या पैशांमुळेच तगली, हे नि:संकोच मान्य केले पाहिजे. मात्र मोठ्या संस्थांना त्यातून कर्ज मिळाले: नॅशनल थिएटरला सुमारे 1 कोटी 97 लाख पौंड आणि रॉयल शेक्सपिअर कंपनीला सुमारे 1 कोटी 94 लाख पौंड. कर्ज फेडावे लागते, आणि ते फेडणाऱ्या संस्थेला पुढची अनेक वर्षे धाडसी, अनोळखी नाटक निवडताना हात आखडता घ्यावा लागतो.

आता माणसांकडे वळते. ब्रिटिश रंगभूमीवर काम करणाऱ्यांपैकी सुमारे 70 टक्के लोक फ्रीलान्स आहेत, असे त्या काळात सांगितले जाई. आपल्याकडे नटाला आणि पडद्यामागच्या कामगाराला प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते, त्यामुळे प्रयोग थांबला की उत्पन्न थांबते, हे मराठी नाट्यरसिकाला वेगळे सांगायला नको. वेस्ट एंडमध्ये नटाला आठवड्याला आठ प्रयोगांच्या हिशेबाने आठवड्याचा पगार मिळतो, पण तो करार असेपर्यंतच. दिग्दर्शक, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार आणि नृत्यदिग्दर्शक तर एका कामाचे मानधन घेऊन पुढच्या कामाला लागतात. सरकारने नोकरदारांसाठी पगाराच्या 80 टक्के, महिन्याला कमाल 2,500 पौंड, देण्याची योजना आणली. स्वयंरोजगार असलेल्यांसाठी वेगळी योजना होती, परंतु तिच्या अटी अशा होत्या की रंगभूमीवरचे हजारो लोक तिच्या बाहेर राहिले. निम्म्याहून अधिक उत्पन्न स्वयंरोजगाराचे हवे होते, आणि नट तर वर्षातले काही महिने पगारी करारावर, तर काही महिने स्वतंत्रपणे काम करतो. मागील करविवरणपत्र हवे होते, त्यामुळे नाट्यशिक्षण संपवून नुकतेच कामाला लागलेले तरुण सुरुवातीच्या हप्त्यांतून आपोआप वगळले गेले. 50,000 पौंडांहून अधिक नफा दाखवणाऱ्यालाही काही मिळत नव्हते, मग त्याच्या पुढच्या वर्षाची सगळी कामे रद्द झालेली असोत.

या अनुभवातून फ्रीलान्सरांनी स्वतःची संघटित बाजू मांडायला सुरुवात केली. ‘फ्रीलान्सर्स मेक थिएटर वर्क’ ही मोहीम तेव्हाच उभी राहिली. ऑक्टोबर 2020 मध्ये सरकारी पाठबळ असलेल्या एका जाहिरातीत बॅले नर्तकीचे छायाचित्र छापून तिची पुढची नोकरी सायबर क्षेत्रात असू शकेल, असे सुचवले गेले, तेव्हा कलावंतांमध्ये इतका संताप उसळला की ती जाहिरात मागे घ्यावी लागली. या क्षेत्रातले आपले कौशल्य सरकारला काम वाटत नाही, अशी जखम त्या जाहिरातीने केली, आणि मला वाटते ती अजून भरलेली नाही. पुष्कळ लोक खरोखरच दुसरीकडे गेले. चित्रपट आणि मालिकांचे चित्रीकरण नाट्यगृहांपेक्षा लवकर सुरू झाले होते, तिथे पैसे अधिक होते. नेपथ्य बांधणारे सुतार, वीजतंत्रज्ञ, वेशभूषा आणि केशभूषा सांभाळणारे अनुभवी हात तिकडे वळले. नाट्यगृहे उघडल्यावर कुशल तंत्रज्ञ मिळेनात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येऊ लागली. वीस वर्षांचा अनुभव असलेला रंगमंच व्यवस्थापक निघून गेला की त्याच्याबरोबर त्याच्या हाताखाली तयार होऊ शकणारी पिढीही जाते, आणि हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

पुन्हा उघडण्याचा काळ तर बंदीइतकाच महागात पडला. जुलै 2020 मध्ये लंडन पॅलेडियममध्ये सुरक्षित अंतर राखून एक प्रायोगिक कार्यक्रम झाला. सुमारे 2,300 आसनांच्या त्या सभागृहात 640 प्रेक्षक बसवता आले. एवढ्या विक्रीत कोणत्याही मोठ्या नाटकाचा आठवड्याचा खर्च निघत नाही, हे तेव्हा सर्वांना डोळ्यांनी दिसले. नॅशनल थिएटरने ‘डेथ ऑफ इंग्लंड: डेलरॉय’ हे एकपात्री नाटक आणले, त्याच्या औपचारिक शुभारंभाची रात्र, 4 नोव्हेंबर 2020, हीच दुसऱ्या टाळेबंदीमुळे त्याची शेवटची रात्र ठरली. डिसेंबरात लंडनची नाट्यगृहे पुन्हा उघडली आणि दोन आठवड्यांत पुन्हा बंद झाली. हा महिना म्हणजे पँटोमाइमचा हंगाम: नाताळातले हे विनोदी, गाण्यांनी भरलेले, मुलाबाळांसह पाहायचे नाट्य लंडनबाहेरच्या बहुतेक नाट्यगृहांचे वर्षाचे गणित सांभाळते, उरलेल्या महिन्यांतल्या गंभीर नाटकांचा तोटा त्याच्या उत्पन्नातून भरून निघतो. तो हंगाम बुडणे म्हणजे केवळ एक महिना बुडणे नव्हते.

17 मे 2021 पासून मर्यादित आसनांसह आणि 19 जुलैपासून पूर्ण क्षमतेने प्रयोग सुरू झाले. त्याच जुलैत ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हे संगीतनाट्य परत आले, पण वाद्यवृंदात 27 वादकांऐवजी 14 वादक घेऊन. तो प्रयोग पाहणाऱ्या बहुतेकांना फरक जाणवला नसेल, म्हणूनच मला हा बदल साथीचे सर्वांत नेमके चिन्ह वाटतो. संकटात केलेली कपात संकट सरल्यावर कायम राहिली आणि प्रेक्षागृह तरीही भरले, हे एकदा सिद्ध झाल्यावर ती मागे कोण घेणार?

डिसेंबर 2021 मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत कलाकार आजारी पडून एकामागून एक प्रयोग रद्द झाले. तेव्हा अंडरस्टडी आणि स्विंग, म्हणजे समूहातल्या अनेक भूमिका पाठ ठेवून कोणत्याही रात्री कोणाच्याही जागी उभे राहणारे कलाकार, यांची किंमत उद्योगाला आणि प्रेक्षकांना कळली. हा मला साथीतून निघालेला एक निर्विवाद चांगला बदल वाटतो. सरकारने 2021 मध्ये 75 कोटी पौंडांची पुनर्विमा योजना, म्हणजे विमा कंपन्यांच्या जोखमीत सरकारने वाटा उचलण्याची योजना, आणली होती, पण तिचे संरक्षण केवळ सरकारी आदेशाने कार्यक्रम बंद पडल्यास होते. नटसंचात संसर्ग पसरला तर निर्मात्याचा तोटा निर्मात्याकडेच राहिला.

आपण कदाचित ऑनलाइन नाटकाविषयी अधिक वाचले असेल. नॅशनल थिएटरने 2 एप्रिल 2020 पासून दर आठवड्याला एक नाटक यूट्यूबवर विनामूल्य दाखवले. त्यांना हे जमले, कारण 2009 पासून ‘नॅशनल थिएटर लाइव्ह’ या उपक्रमात अनेक कॅमेऱ्यांनी उत्तम चित्रित केलेल्या नाटकांचा साठा त्यांच्याजवळ तयार होता. मुंबईत एनसीपीएच्या पडद्यावर ही चित्रणे मी साथीपूर्वीही पाहिली होती, पण डिसेंबर 2020 मध्ये वर्गणीचे व्यासपीठ सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात बसून ती पाहता येतात, याचे मला मोठे मोल वाटते. लहान संस्थांजवळ असा साठा नव्हता आणि चित्रणाचा खर्चही त्यांना परवडणारा नव्हता. ओल्ड व्हिकने रिकाम्या प्रेक्षागृहासमोर थेट प्रयोग करून मोजकीच ऑनलाइन तिकिटे विकली, तो प्रयत्न मला कलेच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक वाटला. पण दारे उघडताच अनेकांनी ऑनलाइन प्रयोग थांबवले. घराबाहेर पडू न शकणाऱ्या अपंग प्रेक्षकांना त्या वर्षभरात प्रथमच सारी रंगभूमी खुली झाली होती, आणि ती पुन्हा बंद होताना त्यांना कोणी फारसे विचारले नाही.

सध्याचे आकडे सरळ पाहिले तर वेस्ट एंड सुदृढ आहे: 2019 मध्ये तिथे सुमारे 1 कोटी 53 लाख प्रेक्षक आले होते, 2023 मध्ये ही संख्या 1 कोटी 70 लाखांच्या पुढे गेली. लंडनबाहेरचे चित्र वेगळे आहे. वीज आणि साहित्याचे दर 2022 पासून चढले, अनुदान त्या प्रमाणात वाढले नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये कलासंस्थांना सरकारी अनुदान वाटणाऱ्या आर्ट्स काउन्सिल इंग्लंडने अनेक संस्थांचे नियमित अनुदान काढून घेतले. 1885 पासून चाललेले ओल्डहॅम कोलिसियम हे नाट्यगृह त्यात होते आणि मार्च 2023 च्या अखेरीस ते बंद पडले. ते पुन्हा उघडण्याचा निर्णय नंतर झाला. स्वतःची नाटके निर्माण करणारी प्रादेशिक नाट्यगृहे आता कमी पात्रांची, दोन-तीन संस्थांनी मिळून काढलेली किंवा आधीच गाजलेल्या नावावर बेतलेली नाटके निवडतात.

सरकारने दिलेली सर्वांत टिकाऊ मदत करसवलतीच्या रूपात आहे. निर्मितीखर्चावरची ही सवलत ऑक्टोबर 2021 मध्ये 20 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर आणि दौऱ्याच्या नाटकांसाठी 25 वरून 50 टक्क्यांवर नेली गेली. एप्रिल 2025 पासून ती अनुक्रमे 40 आणि 45 टक्क्यांवर कायम करण्यात आली. तिचा उपयोग मोठा आहे, पण ती आधी पैसा उभा करू शकणाऱ्याला मिळते. फ्रीलान्सरांसाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमण्याची घोषणा मात्र जून 2025 मध्ये, म्हणजे नाट्यगृहे बंद पडल्यानंतर पाच वर्षांनी झाली. त्या पदाला प्रत्यक्षात किती अधिकार मिळतात, याकडे मी बारकाईने लक्ष ठेवणार आहे, आणि ब्रिटिश रंगभूमी सावरली की नाही हे मी वेस्ट एंडच्या तिकीटविक्रीपेक्षा त्यावरूनच ठरवीन.