ॲन्की या प्रश्नोत्तर-कार्डांतून उजळणी घेणाऱ्या ॲपवर रोज कार्डं करूनही लक्षात का राहत नाही?

बहुतेक वेळा दोष कार्डात असतो, ॲपमध्ये नाही. ‘प्रकाशसंश्लेषण समजावून सांगा’ असं कार्ड केलं की उत्तर अर्धंच आठवतं आणि किती आठवलं ते ॲपला सांगणारं कोणतं बटण दाबावं तेच कळत नाही. एका कार्डावर एकच प्रश्न, उत्तर चार-पाच शब्दांत. एका मुद्द्याची सात कार्डं झाली तरी बिघडत नाही.

दुसरी, जास्त महागात पडणारी चूक म्हणजे विसरल्यावरही ‘हार्ड’ दाबणं. ॲपच्या हिशेबात ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. त्यामुळे उजळणी पुढे ढकलली जाते. विसरलात तर ‘अगेन’च.

नवीन कार्डांची मर्यादा मुळात रोज २० असते, ती ८-१० वर आणा. २० ठेवलीत तर काही आठवड्यांत उजळणी रोज दीडशे-दोनशे कार्डांवर जाते. दोन दिवस चुकले की ढीग.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र स्वतःची चाचणी घेणारे. म्हणून उत्तर उघडण्याआधी ते तोंडाने म्हणा. आणि न समजलेल्या धड्याची कार्डं करूच नका.