'मान्य' म्हणजे नेमके काय मान्य?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रोडवर राहणारा निवृत्त शिक्षक आहे. पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करण्यासाठी महिन्यापूर्वी एका खासगी रुग्णालयाचे संकेतस्थळ उघडले. तळाशी 'आम्ही कुकीज वापरतो' अशी पट्टी आणि शेजारी 'मान्य' असे मोठे हिरवे बटण होते. ते दाबल्याशिवाय पुढचे काही नीट दिसेना, म्हणून दाबले. तेव्हापासून वर्तमानपत्र उघडले किंवा पाककृती पाहिली, तरी गुडघ्याचे पट्टे आणि सांधेदुखीची तेले समोर येतात. नंतर त्या रुग्णालयाचे गोपनीयता धोरण छापून घेतले, तर इंग्रजीतली एकोणीस पाने निघाली. जन्मभर मुलांना उताऱ्यांचे अर्थ सांगितले, पण या उताऱ्याचा अर्थ मला लागत नाही. मी नेमके काय मान्य केले, आणि ते आता मागे घेता येईल का?

उत्तर : सर, अर्थ लागला नाही यात आपला काहीही दोष नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये असा हिशेब मांडला होता की, एका माणसाने वर्षभरात उघडलेल्या सर्व संकेतस्थळांची धोरणे एकेकदा जरी वाचायची ठरवली, तरी त्यात दोनशेहून अधिक तास जातील. जे कोणी वाचणार नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते, त्याच्याखाली घेतलेल्या होकाराला संमती म्हणणे मला पटत नाही.

आता कुकीविषयी. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये, म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखवणाऱ्या ॲपमध्ये, ठेवलेली मजकुराची छोटी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ती तयार केली, तेव्हा गरज साधी होती : ग्राहक एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला, तरी त्याने टोपलीत काय टाकले होते हे दुकानाच्या लक्षात राहावे. आपण लॉग-इन केलेले टिकते, निवडलेली भाषा कायम राहते, ते अशाच कुकीजमुळे, आणि त्यांच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. कुकी आपल्या संगणकातील कागदपत्रेही वाचू शकत नाही.

आपल्याला त्रास देणारी कुकी बहुधा तिऱ्हाइताची आहे. रुग्णालयाच्या पानात जाहिरात कंपनीचा एक लहानसा कोड बसवलेला असतो. पान उघडताच आपला ब्राउझर तो कोड आणायला त्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि ती कंपनी एक लांबलचक क्रमांक आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते. त्या क्रमांकात आपले नाव नसते. मात्र तोच कोड वर्तमानपत्राच्या आणि पाककृतींच्या पानांतही असतो, त्यामुळे तोच क्रमांक तेथे दिसला की 'गुडघ्याची चौकशी करणारा वाचक आला' एवढे कंपनीला कळते. आपण एका रुग्णालयाशी बोललो असे आपल्याला वाटते, पण त्या खोलीत आणखी काही जण बसलेले असतात आणि त्यांची ओळख कोणी करून दिलेली नसते. आजारपणाच्या बाबतीत ही गोष्ट मला विशेष गंभीर वाटते. घरातल्या माणसाचे दुखणे कोणाला सांगायचे, हे आपण ठरवायचे असते.

बटणाच्या रंगाचा आपण उल्लेख केलात, तो महत्त्वाचा आहे. होकार एका टिचकीत आणि नकार मात्र तीन पाने आत, या रचनेबद्दल फ्रान्सच्या माहिती-संरक्षण नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. आधीच खूण केलेल्या चौकटीतून मिळालेली संमती ही संमतीच नव्हे, असे युरोपीय न्यायालयाने त्यापूर्वी २०१९ मध्ये स्पष्ट केले होते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात 'कुकी' हा शब्द नाही, पण ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती सर्व माहिती त्याच्या कक्षेत येते. संमती मुक्त, विशिष्ट, पुरेशी माहिती देऊन घेतलेली आणि निःसंदिग्ध असावी, तसेच ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, असे कायदा म्हणतो. शिवाय संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, आणि त्या अनुसूचीत मराठी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीसंबंधीची बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. रुग्णालयाला ई-मेल करून मराठी मजकूर मागा आणि जाहिरात कंपन्यांना काय दिले जाते, हे विचारा. शेकडो रुग्णांपैकी दहांनी विचारले, तरी कोणाला तरी उत्तर लिहायला बसावे लागेल.

आज करण्यासारखे म्हणजे ब्राउझरच्या सेटिंग्जमधील गोपनीयतेच्या विभागात जाऊन साठलेल्या कुकीज पुसाव्यात आणि तिऱ्हाईत कुकीज बंद कराव्यात. सफारी हा ब्राउझर त्या २०२० पासून स्वतःहून अडवतो. क्रोममधून त्या हटवण्याची घोषणा गूगलने २०२० मध्येच केली होती, पण नंतर बेत बदलला, म्हणून तेथे हे काम आपल्यालाच करावे लागते. पुसल्यावर काही ठिकाणी पुन्हा लॉग-इन करावे लागेल. मात्र जी माहिती आधीच गेली, ती यामुळे परत येत नाही.

प्रश्न : 'इनकॉग्निटो' खिडकी वापरली की कोणालाच काही कळत नाही, असे मित्र सांगतात. हे खरे आहे का? (एक विद्यार्थिनी, पंचवटी)

उत्तर : नाही. ती खिडकी बंद केल्यावर त्या वेळच्या कुकीज आणि इतिहास आपल्या फोनवरून पुसला जातो, एवढेच. आपण उघडलेले संकेतस्थळ, इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि महाविद्यालयाचे वाय-फाय यांच्यापासून ती आपल्याला लपवत नाही, आणि आत लॉग-इन केले तर ओळख आपणच दिलेली असते.

प्रश्न : येवल्यात आमचा पैठणीचा माग आहे आणि गेल्या दिवाळीपासून आम्ही संकेतस्थळावरून विक्री करतो. ते बनवणाऱ्या मुलाने दुसऱ्या दुकानाचे गोपनीयता धोरण उचलून आमच्याकडे लावले आहे. त्यात आमच्या नसलेल्या शाखाही आहेत. आम्ही काय लिहावे?

उत्तर : ताई, ते उसने धोरण आधी काढा, कारण त्यातील प्रत्येक खोट्या वाक्याची जबाबदारी आता आपली आहे. आपण प्रत्यक्षात जे करता, तेच मराठीत लिहा. उदाहरणार्थ : "साडी घरपोच पाठवण्यासाठी आम्ही आपले नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक घेतो. ही माहिती फक्त कुरिअर सेवेला देतो. कार्डाचा क्रमांक आमच्यापर्यंत येत नाही. टोपलीतील साड्या लक्षात ठेवणारी एक कुकी आपल्या फोनवर ३० दिवस राहते. माहिती काढून टाकायची असल्यास खालील क्रमांकावर कळवा. बिलाची कायद्याने ठेवावी लागणारी नोंद सोडून बाकी सर्व आम्ही पुसू." यातील एखादे वाक्य आपल्या बाबतीत खरे नसेल, तर ते बदला. मग त्या मुलाला समोर बसवून संकेतस्थळावर कोणकोणत्या कंपन्यांचे कोड आहेत, याची यादी करून घ्या. भेटींची मोजणी किंवा जाहिरातींसाठी त्याने सवयीने टाकलेले आणि आपण कधीही न पाहिलेले कोड काढायला सांगा. ते निघाले की पैठणी पाहायला आलेल्या ग्राहकापुढे तिऱ्हाइतांसाठी 'मान्य'चे बटण ठेवण्याची आपल्याला गरज उरणार नाही.