प्रोजेक्ट उघडताना क्यूबेस (संगीत रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) बंद पडतं. हे कॉपी प्रोटेक्शनमुळे (बेकायदा नक्कल रोखणाऱ्या व्यवस्थेमुळे) होत असेल का?

शक्य आहे, पण आधी संशय प्लगिनवर, म्हणजे क्यूबेसमध्ये जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर घ्या. क्यूबेस १२ पासून (२०२२) ते बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने यूएसबी डोंगलची (लायसन्स साठवणाऱ्या, संगणकाला लावायच्या किल्लीची) सक्ती काढली. आता लायसन्स खात्याशी जोडलेलं असतं आणि एकदा अ‍ॅक्टिव्हेट केलं की इंटरनेट नसतानाही चालतं. प्लगिनचं मात्र तसं नाही. अनेक कंपन्या अजून आयलॉक ही लायसन्स तपासणारी व्यवस्था वापरतात. त्याचं लायसन्स डोंगलवर, संगणकावर किंवा क्लाउडवर ठेवता येतं. क्लाउडवर असेल तर काम करताना इंटरनेट सतत लागतं. म्हणून लाइव्ह कार्यक्रमाला क्लाउडवर मुळीच विसंबू नका.

दोष शोधायला क्यूबेस सेफ मोडमध्ये सुरू करून इतर कंपन्यांचे प्लगिन बंद ठेवा. प्रोजेक्ट उघडला, तर प्लगिनचं फोल्डर तात्पुरतं हलवा आणि एकेक परत आणून बघा. आयलॉकचे प्लगिन अडकत असतील तर आयलॉक लायसन्स मॅनेजर अपडेट करा. ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर हे हमखास राहून जातं.

आणि क्रॅक केलेला एकही प्लगिन ठेवू नका. त्यात संरक्षणाचा कोड उपटून टाकलेला असतो, त्यामुळे तो कधी कोसळेल याचा नेम नसतो. पैसे देऊन विकत घेणाऱ्यालाच डोंगलचा जाच होतो, हा राग मला पूर्ण पटतो. तरीही क्रॅक नको.